तार सोन्याची, सूर कुणाचा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने ध्वनियंत्रांविषयी लिहावे, हा काही वाचकांना आगाऊपणा वाटेल. तो विषय पदार्थविज्ञानाच्या वर्गाचा; आमचा विषय जमा आणि खर्च. पण ध्वनियंत्रांच्या बाजारात आज जो व्यवहार चालतो तो पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे, की हा विषय जितका विज्ञानाचा तितकाच जमाखर्चाचाही आहे. मीटरभर लांबीच्या तारेला हजारो रुपये, यंत्राखाली ठेवायच्या चार रबरी पायांना हजारो रुपये आणि नुसती वेळ मोजणाऱ्या एका डबीला लाखाच्या घरातली किंमत! घेणारा म्हणतो, "आवाज खुलला." न घेणारा म्हणतो, "शुद्ध फसवणूक." दोघेही एकमेकांना मूर्ख ठरवून मोकळे होतात, हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो मांडण्याचा हा एक प्रयत्न.

माझे मत आधीच सांगून टाकते. ध्वनी जिथे लाटेच्या रूपात असतो, तिथे कंपन, घड्याळ आणि तार या तिन्ही गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. ध्वनीचा एकदा आकडा झाला, की त्याला बिनचूक नक्कल आणि ती सांभाळणारा माणूस एवढेच पुरते. बाजार आपल्याला आकड्यांवर खर्च करायला लावतो आणि लाटेकडे दुर्लक्ष करायला शिकवतो. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

लाट आणि आकडा हा भेद थोडा उलगडून सांगायला हवा. आवाज म्हणजे हवेतली लाट. मायक्रोफोन ती लाट विजेत उतरवतो. डिजिटल पद्धतीत ही विजेची लाट ठरावीक अंतराने मोजतात आणि प्रत्येक माप आकड्यात लिहून ठेवतात. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी कॉम्पॅक्ट डिस्कसाठी जे प्रमाण ठरवले आणि ज्याप्रमाणे १९८२ साली जपानात पहिल्या तबकड्या विक्रीला आल्या, त्यात सेकंदाला ४४,१०० वेळा माप घेतात. प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवर बसवतात. डावी आणि उजवी अशा दोन बाजू धरल्या, तर सेकंदाला ८८,२०० नोंदी झाल्या. एका सेकंदाच्या गाण्याची ही रोजकीर्द!

आता रोजकीर्दीतली १,२५० रुपयांची नोंद मी साध्या बॉलपेनने उतरवली काय किंवा सोन्याच्या निबेने उतरवली काय, खतावणीत १,२५० च पडणार. सोन्याच्या निबेने त्याचे १,२५५ होत नाहीत. नक्कल करताना चूक होऊ नये म्हणून आपण ताळा पाहतो. यंत्रेही ताळा पाहतात, आणि त्यांचा ताळा आपल्यापेक्षा हुशार असतो. १९६० साली अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी अशी रीत मांडली, की चूक झाली हे तर कळावेच, पण मूळ आकडा काय होता हेही काढता यावे. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये तीच रीत वापरली आहे. तबकडीवरच्या रेषेचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा खरवडला गेला, म्हणजे शून्य आणि एक या चिन्हांपैकी जवळजवळ ४,००० चिन्हे सलग पुसली गेली, तरी यंत्र ती सगळी जशीच्या तशी पुन्हा भरून काढते. आमच्या वर्गात असा मुनीम अजून तयार व्हायचा आहे!

डिजिटल येण्यापूर्वी या तिन्ही बाबतींत स्थिती काय होती, तेही पाहू. चावीच्या ग्रामोफोनला तारच नव्हती. सुई खोबणीतून थरथरत जाई, ती थरथर पडद्याला मिळे आणि पडद्याकडून कर्ण्याला. म्हणजे कंपन हाच सगळा कारभार. घड्याळ म्हणाल, तर एक स्प्रिंग आणि तिचा वेग आवरणारा गव्हर्नर. चावी संपत आली की तबकडी मंदावे आणि गवयाचा षड्ज खाली सरके. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. अशाच एका तबकडीवर अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून गदग भागातला एक मुलगा वेडावला आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. पुढे मराठीत संतवाणी आणि कन्नडमध्ये दासवाणी गाऊन त्यांनी आपल्या या अंकाच्या दोन्ही विभागांना कायमचे ऋणी करून ठेवले. यावरून आवाजाच्या दर्जाला किंमत नाही, असा निष्कर्ष मी काढत नाही. त्या खरखरीतून खाँसाहेबांचा सूर त्या मुलापर्यंत पोहोचला, हे मात्र विसरता येत नाही. सूर पोहोचतो की नाही, हे आधी पाहायचे. यंत्राचा थाट त्यानंतर.

आता एकेक कलम घेऊ. पहिले कलम कंपनाचे. याबद्दल मी थोड्या अधिकाराने बोलू शकते, कारण मी तिगावची आहे. तिगाव मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा तालुक्यात येते. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. माझी शाळा मराठी माध्यमाची, बाजार हिंदी. त्यामुळे दोन्ही भाषा लहानपणापासून तोंडात. शिक्षणासाठी मामाकडे बेळगावला आले. कुमार गंधर्व बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मले आणि १९४८ साली मध्य प्रदेशातल्या देवासला जाऊन राहिले. मी त्यांच्या उलट वाटेने आले, एवढाच काय तो आमचा संबंध!

तर सांगायचे असे, की दिल्लीहून चेन्नईला जाणारा मोठा लोहमार्ग नागपूर आणि इटारसी यांच्या दरम्यान आमच्या गावावरून जातो. तिगाव स्टेशन सुटले की चिचोंड्याच्या बाजूला घाट लागतो. भरलेली मालगाडी घाट चढू लागली, की रुळांजवळच्या घरांतली भांडी मांडणीवर बोलू लागतात. आमच्या घरी आजोबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. गाडी जात असताना तो लावला, तर गाण्याच्या खालून एक घुमारा येतो आणि कधी सुई उडी मारून पुढच्या ओळीत जाऊन बसते. साहजिकच आहे. खोबणीतली थरथर हाच त्या यंत्राचा ध्वनी, मग जमिनीची थरथरही त्याला ध्वनीच वाटणार. त्याच टेबलावर मोबाईल ठेवून तेच गाणे लावा. वरून मालगाडी जाऊ द्या, नाहीतर राजधानी जाऊ द्या. मोबाईलला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या पोटात सुई नाही, खोबणी नाही. आहेत त्या फक्त नोंदी. सीडीच्या यंत्रात फिरणारी तबकडी असते खरी, पण तिथे वाचलेले आकडे आधी साठवून मग ठरल्या वेळी पुढे सोडले जातात. फार मोठा धक्का बसला तर गाणे अडखळते. सूर मलूल होत नाही.

कंपनाचा त्रास मग कुठे होतो? मायक्रोफोनच्या दांड्यात. भजनात कोणी पायाने ठेका धरला, तर तो ठेका जमिनीतून दांड्यात आणि दांड्यातून मायक्रोफोनमध्ये शिरतो. स्पीकरच्या पेटीत. पातळ फळीची पेटी स्वतःच गाऊ लागते. पत्र्याच्या छपरात. या तिन्ही ठिकाणी ध्वनी लाटेच्या रूपात आहे. दांड्याखाली घोंगडीची घडी ठेवली तर पुष्कळ काम होते. तिला कंपनरोधक म्हणून वेगळी किंमत मोजावी लागत नाही.

दुसरे कलम घड्याळाचे. हे कलम थोडे अवघड आहे आणि यात पलीकडच्या बाजूलाही थोडे सत्य आहे. आकडे बिनचूक असून भागत नाही. ते परत विजेच्या लाटेत बदलताना समान अंतराने सोडावे लागतात. हे रूपांतर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. रक्कम बरोबर पण हप्ता तारखेला नाही, तर बँकेचा हिशेब बिघडतोच. तसेच इथे. क्षणाच्या या चळाला जिटर असे नाव आहे आणि तो फार झाला तर स्वर गढूळ होतो. प्रश्न असा, की फार म्हणजे किती?

२००५ साली जपानी संशोधकांनी कसलेल्या श्रोत्यांवर याची परीक्षा घेतली. त्यांच्या आवडीचे संगीत, त्यांच्या सोयीची जागा. त्या संगीतात मुद्दाम मिसळलेला अनियमित चळ २५० नॅनोसेकंदांहून कमी असताना कोणालाही ओळखता आला नाही. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. २५० नॅनोसेकंदांत ध्वनी हवेतून किती पुढे सरकतो, याचे मी गणित केले. एक दशांश मिलिमीटरसुद्धा नाही! बेताच्या किमतीच्या, पण नीट बनवलेल्या यंत्रातले क्वार्ट्झ स्फटिकाचे घड्याळ या मर्यादेच्या कितीतरी आत चालते. शिवाय आजच्या बहुतेक चांगल्या डॅकमध्ये घड्याळ डॅकजवळच असते आणि संगणकाने आकडे कधी पाठवायचे हे डॅकच ठरवतो. त्यामुळे संगणकाच्या घड्याळाचा संबंधच उरत नाही. बाहेरून जोडायच्या घड्याळाचे खरे काम ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आहे. तिथे दहा यंत्रांना एकाच ठेक्यावर चालवायचे असते. घरातल्या एकट्या यंत्राला ते लावणे म्हणजे एका माणसाच्या बिऱ्हाडात हजेरीपट ठेवण्यासारखे आहे.

तिसरे कलम तारेचे. इथे तीन निरनिराळ्या तारा आहेत आणि विक्रेते नेमकी त्यांचीच सरमिसळ करतात. पहिली तार मायक्रोफोनची. तिच्यातली वीज इतकी क्षीण असते, की आजूबाजूच्या विजेचा गुणगुणाट तिच्यात सहज शिरतो. म्हणून चांगल्या मायक्रोफोनच्या तारेत एकच संकेत दोन वाहिन्यांवर सुलट आणि उलट पाठवतात. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच चढतो आणि शेवटी वजाबाकीत उडून जातो. या तारेवर बेताचा खर्च करावा. दुसरी तार डिजिटल. तिच्यातून आकडे जातात. ती बिघडली तर टकटक ऐकू येते, आवाज तुटतो किंवा बंद पडतो. "गोडवा थोडा कमी झाला" असा बिघाड आकड्यांच्या तारेत होत नाही. खतावणीत रक्कम असते किंवा नसते. ती उदास नसते! एक गोष्ट मात्र खरी. लॅपटॉप चार्जरला लावून ध्वनिवर्धकाला जोडला, तर कधीकधी तारेच्या बाहेरच्या वेष्टनातून गुणगुण शिरते. तो दोष आकड्यांचा नसतो, यंत्रांच्या अर्थिंगचा असतो. चार्जर काढून पाहावा, सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण थांबवण्याचा प्रकार मी पाहिला आहे. तो जिवाशी खेळ आहे.

तिसरी तार स्पीकरची. तिची थट्टा करू नये, कारण इथे खरोखरच फरक पडतो. तो मात्र सोन्यामुळे पडत नाही, जाडीमुळे पडतो. ध्वनिवर्धकापासून स्पीकर ३० मीटर दूर आहे असे धरा. जाण्याची आणि येण्याची मिळून ६० मीटर तांबे. तार अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचा रोध जवळजवळ २ ओहम होतो. स्पीकर ८ ओहमचा. अशा वेळी स्पीकरला जी शक्ती मिळायला हवी, तिच्यातली तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी होते. कानाला हा फरक सुमारे दोन डेसिबलचा, म्हणजे प्रचंड नव्हे, पण ओळखू येणारा. तेच अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर तूट दहा टक्क्यांच्या आत येते. ही तार कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात घरगुती वायरिंगसाठी मिळते.

हा सगळा हिशेब मी हौसेने केला नाही. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने वर्गणीतून ४२,००० रुपये जमवले आहेत. संत्र्याच्या बागेत मजुरी करणाऱ्या बायांनीही त्यात पन्नास-पन्नास रुपये घातले आहेत. काका मंडळाचे खजिनदार. त्यांनी शहरातल्या एका दुकानदाराचे कोटेशन मला पाहायला पाठवले. ध्वनिवर्धक, दोन स्पीकर, मिक्सर हे सगळे रास्त होते. त्याखाली तीन ओळी होत्या. दीड मीटर 'सोनेरी डिजिटल केबल' ६,५०० रुपये. 'कंपनरोधक पाय' ३,२०० रुपये. 'शुद्ध विजेची' पॉवर केबल ४,८०० रुपये. एकूण १४,५००, म्हणजे वर्गणीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. आणि अगदी शेवटी, उपकार केल्यासारखी ओळ: स्पीकरची तार, दोन्ही बाजूंना ३० मीटर, मोफत. ती तार होती अर्ध्या चौरस मिलिमीटरची! जिथे काही बिघडत नाही तिथे साडेचौदा हजार आणि जिथे शक्ती गळते तिथे फुकटचा दोरा. याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडायचे नाही.

काकांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वायर चांगली असन तं आवाज चांगला येईन, एवढं तं आमालेही समजते. अन् दुकानात आम्ही कानानं आयकलं नं!" त्यांचे म्हणणे मी उडवून लावले नाही. आपल्या कानांनी ऐकले ते खोटे कसे मानायचे? ध्वनियंत्रांचे शौकीनही हेच म्हणतात, की मोजमापाची यंत्रे सगळेच पकडत नाहीत, शेवटी कानच खरा. मी ते मान्य करते. कानच खरा! पण मग निवाडा एकट्या कानाने करावा; डोळ्याने आणि किमतीच्या चिठ्ठीने त्यात साक्ष देऊ नये. दोन वेळा तेच गाणे लावले आणि दुसऱ्या वेळी आवाज किंचित मोठा ठेवला, तर ऐकणाऱ्याला तो मोठा न वाटता चांगला वाटतो. दुकानात दुसऱ्या वेळी आवाजाच्या बटणावर कोणाचा हात होता, हे काकांनी पाहिले नव्हते. महाग वस्तू चांगलीच असणार, ही आपली समजूतही कानाच्या आधीच निकाल देऊन बसलेली असते. त्यात ऐकणारा लबाड नसतो. माणसाचे मनच तसे घडलेले आहे.

परीक्षा सोपी आहे. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी करा. पडद्यामागे एकाने नाणे उडवून साधी किंवा सोनेरी तार लावावी. पुढे बसलेल्याने दहा वेळा सांगावे, आता कोणती. डोळे झाकून अंदाज करणाऱ्याची दहापैकी पाच उत्तरे सरासरीने बरोबर येणारच. संख्याशास्त्राच्या पेपरात आपण द्विपदी वितरण शिकतो ते इथे कामाला येते. नुसत्या नशिबाने दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ पैकी ११, म्हणजे साधारण एक टक्का. ज्याची नऊ उत्तरे बरोबर येतील त्याच्या कानाला मी नमस्कार करीन आणि साडेसहा हजारांची तार मंडळाने जरूर घ्यावी, असे काकांना कळवीन. पण ज्या दुकानात ही परीक्षा घेऊ देत नाहीत, तिथे पैसे मोजू नयेत.

वाचक म्हणतील, एवढ्या चौदा-पंधरा हजारांसाठी इतका खटाटोप कशाला? हौसेला मोल नसते. बरोबर आहे, ज्याची हौस त्याच्या खिशातून होते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मंडळाचा पैसा सगळ्यांचा आहे आणि त्या पैशाला दुसरे एक काम वाट पाहत उभे आहे. आमच्या घरात एका पत्र्याच्या डब्यात अकरा कॅसेटी आहेत. आजीने आणि तिच्या मैत्रिणींनी म्हटलेली भुलाबाईची गाणी, गावातल्या जुन्या मंडळींची खंजिरीवरची भजने. गाणाऱ्यांपैकी बहुतेक आज नाहीत. कॅसेटच्या फितीवर पावसाळ्यात बुरशी धरते, चुंबकीय थर सुटू लागतो, एका वळणावरचा आवाज शेजारच्या वळणावर उमटतो. ते आवाज अजून लाटेच्या रूपात आहेत आणि दरवर्षी थोडे थोडे पुसले जात आहेत.

हे काम कसे होऊ शकते, याचे मोठे उदाहरण आपल्या मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारांहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभियंते त्यांना येऊन मिळाले. त्यांनी १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले, तेही डिजिटल फितीवर. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे 'पारी', हा ठेवा सगळ्यांसाठी खुला करीत आली आहे. जात्याची घरघर, मध्येच रडणारे मूल, बांगड्यांचा आवाज हे सगळे त्यात ऐकू येते आणि ओवी तरीही स्पष्ट कळते. यातला धडाही ध्यानात घ्यावा. ज्या प्रकारची डिजिटल फीत तेव्हा उत्तम मानली जाई, ती वाजवणारी यंत्रे सोनी कंपनीने २००५ साली पाठवणे बंद केले. आकडा विटत नाही, पण तो वाचणारे यंत्र नाहीसे होते. डिजिटल ध्वनीला धोका आहे तो इथे. प्रती वेळेवर दुसरीकडे उतरवल्या नाहीत तर सगळेच गेले.

म्हणून काकांना मी जे लिहून पाठवले आहे ते असे. सोनेरी केबल, रबरी पाय आणि पॉवर केबल या तिन्ही ओळी खोडाव्यात. स्पीकरसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. एक बरा मायक्रोफोन आणि त्याला योग्य ती तार घ्यावी. उरलेल्या पैशातून एक जुना कॅसेट डेक दुरुस्त करून घ्यावा; त्याचा पट्टा बदलावा, हेड साफ करून फितीशी काटकोनात बसवावे. कॅसेट उतरवताना ध्वनी अजून लाट असतो, तेव्हा तिथे कंपन, वेग आणि तार यांची जितकी काळजी घ्यावी तितकी थोडी. डेक रुळांकडच्या खोलीत ठेवू नये. एकदा नीट आकडा झाला, की तीन प्रती कराव्यात. दोन निराळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. वर्षातून एकदा ताळा पाहावा. मंडळाची बैठक पोळ्यानंतर आहे. निर्णय काय होईल ते मला ठाऊक नाही. सोनेरी तारेचे वजन मोठे असते आणि वीस वर्षांच्या पुतणीचे कमी.

मित्रमैत्रिणींनो, हे काम तिगावपुरते नाही. बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत मराठी घरांत ओव्या आहेत, तशीच कन्नड घरांत बीसुकल्लिन पदे, म्हणजे जात्यावरचीच गाणी, आहेत. दोन्हीकडच्या आज्या एकच जाते ओढत होत्या. आपल्या महाविद्यालयात मोबाईल नसलेला विद्यार्थी आता शोधावा लागेल. म्हणजे ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. शांत खोली, मोबाईल ठेवायला घडी घातलेला टॉवेल, गाणाऱ्या बाईपासून हातभर अंतर, पंखा बंद. एवढ्याने जे मुद्रण होईल ते खाँसाहेबांच्या तबकडीपेक्षा कितीतरी स्वच्छ असेल. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी असतील त्यांनी, मराठी असोत वा कन्नड, पुढच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात वाणिज्य विभागाच्या वर्गात आणाव्यात. गाणारीचे नाव, गाव, साल आणि प्रत कुठे ठेवली याची वही घालण्याचे काम मी माझ्याकडे घेते. कन्नड नावे लिहायला मात्र कन्नड विभागातला एक सोबती लागेल. माझे कन्नड अजून बाजारहाटापुरतेच आहे.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)